नव्या पंचाची शिदोरी

अमेरिकन फुटबॉल : पंचगिरीची तोंडओळख

• मैदान : १०० यार्ड लांब, सुमारे ५३ यार्ड रुंद. दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन.

• खेळ : प्रत्येकी ११ खेळाडू. १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न म्हणजे ‘डाऊन’.

• गुण : टचडाऊन ६, फील्ड गोल ३, सेफ्टी २.

• पंच : ‘एनएफएल’ या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये ७. मुख्य पंच म्हणजे ‘रेफरी’, टोपी पांढरी. इतरांची काळी.

• पिवळा रुमाल : नियमभंगाची खूण. रुमाल पडला तरी चालू खेळ सहसा थांबत नाही.

• बीन बॅग : दंडाची खूण नव्हे. चेंडू हातातून निसटला ती जागा दाखवण्यासाठी.

• टोपी : खेळाडू सीमारेषेबाहेर गेला ती जागा दाखवण्यासाठी जमिनीवर टाकतात.

• बोटातले रबर : कितवा डाऊन चालू आहे, हे लक्षात ठेवण्यासाठी. डाऊन बदलला की रबर पुढच्या बोटात.

• शिट्टी : चेंडू मृत झाल्याची खूण. चेंडू दिसल्याशिवाय ती वाजवायची नाही, हा पहिला धडा.

• नजर : प्रत्येक पंचाचे खेळाडू व क्षेत्र ठरलेले. सर्वांनी चेंडूमागे पाहायचे नसते.

• नियमावली : आंतरराष्ट्रीय महासंघ ‘आयफाफ’चे नियम अमेरिकी महाविद्यालयीन (एनसीएए) नियमांवर बेतलेले.

• फ्लॅग फुटबॉल : प्रत्येकी ५ खेळाडू, टॅकलला मनाई. चेंडू असलेल्या खेळाडूच्या कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समावेश.

• भारतात : एलिट फुटबॉल लीगचा पहिला हंगाम २०१२मध्ये. संघांत पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगलोर वॉरहॉक्स.