साथरोग आणि वंचित समाज (लेखांक ६) : क्षयाचा जंतू आणि उपाशी शरीर

क्षयरोगाचा जंतू हवेतून पसरतो आणि श्वास घेणाऱ्या कोणालाही गाठू शकतो, त्यामुळे हा रोग गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही असे वरवर पाहता वाटते. परंतु संसर्ग होणे आणि रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला जखडून ठेवते. या अवस्थेला सुप्त संसर्ग म्हणतात आणि असा संसर्ग झालेल्यांपैकी सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. तो कोणाला होणार हे ठरविणाऱ्या कारणांत एचआयव्ही, मधुमेह, दारू आणि तंबाखू यांची चर्चा नेहमी होते. भारतात मात्र सर्वांत व्यापक कारण अपुरे अन्न हे आहे, आणि ज्या वस्त्यांपासून दवाखाना दूर असतो, त्याच वस्त्यांत बहुधा ताटातली डाळही दुर्मीळ असते.

छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही संस्था आदिवासी आणि ग्रामीण रुग्णांवर उपचार करते. तेथील फुप्फुसाच्या क्षयाच्या १,६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी निम्म्या पुरुषांचे वजन सुमारे ४२ किलोहून कमी आणि निम्म्या स्त्रियांचे सुमारे ३४ किलोहून कमी होते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक मिळतो व तो १८.५ च्या खाली गेल्यास व्यक्ती कुपोषित समजली जाते; अभ्यासातील स्त्रियांचा मध्यक निर्देशांक १५ होता. क्षय स्वतःच वजन घटवितो, तेव्हा ही कृशता रोगाचा परिणाम असेल, असा आक्षेप येथे घेता येईल. पण त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांची उंची खुंटलेली आढळली, आणि प्रौढपणी झालेला क्षय माणसाची उंची कमी करीत नाही. ती उपासमार बालपणापासूनची होती.

हे इतके उघड असूनही आहाराचा प्रश्न दीर्घकाळ बाजूला राहिला, त्याला एक ऐतिहासिक कारण आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या प्रसिद्ध चाचणीत काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच तीच औषधे देण्यात आली. घरी अपुरे अन्न खाणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, असा निष्कर्ष १९५९ मध्ये जाहीर झाला. गरिबांना महिनोन्‌महिने घरदार सोडण्यापासून या निष्कर्षाने मुक्त केले, हे त्याचे मोठे श्रेय आहे. मात्र त्यातून औषध पुरेसे आहे, अन्न गौण आहे, अशी समजूत रुजली; उपाशी माणसाला मुळात क्षय अधिक का होतो, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीने विचारला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे या अभ्यासात घेतली. त्यांत संथाळ, हो, मुंडा, उराँव अशा आदिवासी समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. दहापैकी आठ रुग्ण कुपोषित होते. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. तुलना होती ती घरातल्या इतरांची. एका गटातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, तर दुसऱ्या गटातील घरच्या माणसांना यांपैकी काही मिळाले नाही. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू आढळलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांच्या बाबतीत, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी दिसले. किराणा दुकानातल्या तांदूळ-डाळीने एवढे साधावे, ही गोष्ट वैद्यकाने फार गंभीरपणे घ्यायला हवी.

निदानातील विलंब हा या विषमतेचा दुसरा पदर. सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी-तपासणीत पुष्कळ रुग्ण निसटतात, तर जंतूची जनुकीय खूण शोधणारी यंत्रे एकेकाळी केवळ मोठ्या रुग्णालयांत असत. भारतात विकसित झालेले ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. तरीही रोजगार बुडवून केंद्रापर्यंत पोहोचण्याचा खर्च यंत्राने भरून निघत नाही.

‘निक्षय पोषण योजने’खाली एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. हे स्वागतार्हच आहे. परंतु रुग्णासोबत एकाच खोलीत राहणाऱ्या माणसांच्या अन्नाचा भार ‘निक्षय मित्र’ म्हणविणाऱ्या देणगीदारांच्या इच्छेवर सोडलेला आहे, आणि झारखंडने जे सिद्ध केले ते याच माणसांविषयी आहे. लस देणे ज्याप्रमाणे दात्यांच्या मर्जीवर ठेवले जात नाही, त्याप्रमाणे क्षयरुग्णाच्या कुटुंबाचा डाळ-तांदूळही शिधावाटप दुकानातून, हक्क म्हणून, शासनाने द्यायला हवा.