रेडियम व लेझर कटिंग : आधी हुनर, मग मशीन

अकोले तालुक्यातील आपल्या तरुणांना गाड्यांचे रेडियम, दुकानांच्या पाट्या, दारावरची नावे या कामात हलाल रोजी आहे. मात्र व्याजी कर्ज काढून मशीन आणण्याची घाई नको, असे आम्ही सुचवितो. आधी हात बसला पाहिजे.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली. वस्तू बनवीतच शिकणे, ही तेथील रीत आहे.

सुरुवात रेडियम कटरपासून करावी. संगणकावर काढलेल्या रेषेवरून पाते फिरते. नको तो भाग सुईने सोलून अक्षरे चिकटपट्टीवर उचलतात. काचेच्या आतून लावायची अक्षरे उलटी कापावीत.

लेझर ॲक्रिलिक व प्लायवूड कापते. पण कापताना थोडा माल जळतो. म्हणून खाच किंचित अरुंद आखावी, नाहीतर जोड सैल बसतो.

बहुतेक रेडियम पीव्हीसीचे असते. ते लेझरखाली कधीही घालू नये! त्यातून निघणारा आम्लवायू फुप्फुसांना बाधतो, मशीनही गंजते. चालू लेझर सोडून उठू नये.

काही महिने जाणत्या कारागिराच्या हाताखाली काढावेत, गिऱ्हाईक ओळखावे आणि मगच स्वतःचे दुकान थाटावे.