जुने खेळ, नवे पडदे (भाग ७) : ‘आवाज मांगून येते’

अकोटच्या एका पोरानं पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये सगळी तक्रार एका वाक्यात मावली होती : “दादा, मारिओ आधी उडी मारते अन् आवाज मांगून येते.” सोबत टीव्हीचा व्हिडिओ होता. खाली सतरंजी, टीव्हीच्या पाठीमागे खोचलेली स्वस्तातली गेम स्टिक, आणि स्टँडवर एक गुबगुबीत ब्लूटूथ स्पीकर. उत्तर त्या व्हिडिओतच दिसत होतं. पण त्याच सुमारास दुसऱ्या एकानं विचारलं, की फोनवर काँट्रा खेळताना आवाज फाटतो. तिसरे गृहस्थ चाळिशीचे. त्यांचं म्हणणं, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळांतली ती जुनी गाणी भलतीच फास्ट वाजतात. तिघांनीही निदान एकच केलं होतं : ‘सिंक गेलाय’. आजार मात्र तीन वेगळे आहेत.

अशी तक्रार आली की आधी एवढंच विचारायचं : गडबड कधी होते? खेळ सुरू झाल्यापासून आवाज सारखाच मागे असेल, तर दोष बहुधा एम्युलेटरच्या बाहेर, स्पीकरमध्ये किंवा टीव्हीत. ठरावीक वेळानं ‘टक्’ होत असेल, तर पडदा आणि आवाज यांच्या वेगात बारीक तफावत आहे. सुरुवातीला ठणठणीत आणि वीसेक मिनिटांनी फाटायला लागला, तर यंत्र तापलंय. आणि आवाज चित्राबरोबर असूनही सगळंच जलद किंवा संथ वाटत असेल, तर ती गोष्ट जपान-अमेरिकेच्या टीव्हीशी जाऊन भिडते. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी अकोटचा पोरगा. ब्लूटूथवर जाणारा आवाज आधी आवळला जातो, हवेतून जातो, स्पीकर तो थोडा साठवून घेतो आणि मग उलगडून वाजवतो. या सगळ्यात दीडशे ते तीनशे मिलिसेकंद सहज जातात. मारिओ सेकंदाला साठ चित्रांनी धावतो, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांत बारा चित्रं पुढे निघून गेलेली असतात. प्रसारणासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी शिफारस आहे, तिच्यानुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला ते कळायला लागतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गात तो नेहमी मागूनच येतो. पण दोनशे म्हणजे फारच झालं.

‘मग त्याच स्पीकरवर यूट्यूब कसं बरोबर चालतं?’ हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे. सिनेमात पुढे काय येणार हे फोनजवळ आधीच असतं, त्यामुळे चित्र मुद्दाम तेवढंच थांबवून दोघांना एकत्र सोडता येतं. मारिओ केव्हा उडी मारणार, हे मात्र फक्त तुमच्या अंगठ्याला ठाऊक. तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. स्पीकरला ऑक्सची वायर लावा, किंवा टीव्हीचाच आवाज वापरा. त्यानंतरही फरक उरला, तर टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ शोधा. चित्र गुळगुळीत करणारी जी सोय टीव्हीवाले कौतुकानं दाखवतात, ती खेळताना बंदच बरी. साउंडबार जोडलेला असेल तर तोही एकदा काढून पाहा.

आता फाटणारा आवाज. इथे जरा खोलात जायला हवं, कारण एम्युलेटरचं खरं दुखणं हेच आहे.

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा गेम कन्सोल जपानात १९८३ मध्ये आला. त्याच्या अमेरिकी भावंडात, एनईएसमध्ये, सेकंदाला सुमारे २ कोटी १४ लाख ७७ हजार ठोके देणारा एक क्रिस्टल असे. त्या ठोक्यांना बारानं भागलं की प्रोसेसरचा वेग, चारानं भागलं की चित्र काढणाऱ्या चिपचा. आवाज प्रोसेसरच्याच पोटात. म्हणजे चित्र आणि आवाज यांचं घड्याळ एकच, ते एकमेकांपासून सरकणार कसे? आणि जुना काचेच्या नळीचा टीव्ही बिचारा आज्ञाधारक. येणाऱ्या सिग्नलच्या तालावर रेघा ओढत बसायचा. तिथे सिंक बिघडायला जागाच नव्हती.

आज फोनच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्याला स्वतःचा ताल आहे, आवाजाच्या चिपला स्वतःचा. एम्युलेटर या दोघांच्या मध्ये सापडतो. एनईएस सेकंदाला ६० नव्हे, ६०.०९८८ चित्रं काढायचा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करून पाहा. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी वाजतो असं धरू. एनईएसच्या एका चित्राबरोबर सुमारे ७९८.७ नमुने तयार होतात. पडदा मात्र सेकंदाला ६० चित्रंच घेतो, म्हणजे तयार झाले ४७,९२१ आणि वाजवायला हवेत ४८,०००. दर सेकंदाला ७९ नमुन्यांची तूट. बफर ही घरावरच्या टाकीसारखी : वरून येतं त्यापेक्षा खाली जास्त उपसलं, की टाकी केव्हातरी कोरडी पडणारच. रेट्रोआर्च या एम्युलेटर चालवणाऱ्या ॲपमध्ये, लॅपटॉपवर ही टाकी सुरुवातीला ६४ मिलिसेकंदांची, म्हणजे ३,०७२ नमुन्यांची असते. या तुटीनं ती पाऊण मिनिटाच्या आत रिकामी होते, आणि रिकामी झाली की ‘टक्’.

यावरचा तोडगा नॉर्वेच्या हान्स-क्रिस्टियन आर्न्त्सेन या प्रोग्रामरनं २०१२ च्या एका टिपणात मांडला. टाकी किती भरली आहे यावर लक्ष ठेवायचं आणि त्यानुसार आवाज किंचित ताणायचा किंवा आवळायचा. मर्यादा अर्ध्या टक्क्याची. आपल्या हिशेबात लागतात जेमतेम ०.१६ टक्के, आणि एवढा सूर उतरला तर रोज तंबोरा लावणाऱ्यालाही सहसा कळायचा नाही. रेट्रोआर्चच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये हेच ‘डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल’ या नावानं असतं. ते ०.००५ वर राहू द्या, आणि ‘व्ही-सिंक’ व ‘ऑडिओ सिंक’ दोन्ही चालू ठेवा. कुणीतरी सांगितलं म्हणून यातलं एखादं बंद केलेलं असतं, आणि मग सगळा खेळखंडोबा.

‘ऑडिओ लेटन्सी ६४ ची २५६ करा, आवाज फाटणार नाही’ हा टाकी मोठी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. आवाज फाटणं थांबतं खरं, पण मग तो मागे पडतो. ब्लूटूथचं दुखणं तुम्ही वायरवर आणून ठेवता. फोन कमी ताकदीचा असेल तर ९६, फार तर १२८. त्याच्या वर जावं लागत असेल, तर गडबड दुसरीकडे आहे.

कुठे? बऱ्याचदा पडद्यात. हल्लीचे फोन ९० किंवा १२० हर्ट्‌झचे असतात. १२० हे साठाच्या दुप्पट, त्यामुळे प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं की भागतं. ९० मध्ये साठ नीट बसत नाहीत. मग एक तर खेळ दीडपट पळतो, नाही तर अडखळतो. फोनच्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० करा. काँट्रावाल्या मित्राचा निम्मा त्रास एवढ्यानंच गेला.

उरलेला निम्मा वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अकोटकडे पारा ४५ च्या पुढे जातो, शाळेला सुट्ट्या, बाहेर पडायची सोय नाही, म्हणून भर दुपारी पोरं खेळायला बसतात. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. चित्र वेळेत तयार होत नाही, त्याच्यासोबतचा आवाजही नाही. चित्र एखाद-दुसरं गळालं तर डोळा सांभाळून घेतो. आवाजातली बारीकशी खाचही कान सोडत नाही. म्हणून फोनची ताकद संपल्याची पहिली बातमी नेहमी कानाला कळते. चार्जिंगला लावून खेळू नका, फोनचं कव्हर काढा, बॅटरी सेव्हर बंद करा. एम्युलेटरमध्ये ‘रन-अहेड’ चालू असेल तर बंद करा, त्यात एकेका चित्रासाठी दुप्पट मेहनत होते. जुन्या टीव्हीसारख्या रेघा दाखवणारे शेडरही काढा. सुपर निन्टेंडोच्या खेळांसाठी फोनवर बीस्नेस या एम्युलेटरपेक्षा स्नेस९एक्स हलकं पडतं.

राहिले चाळिशीचे गृहस्थ, ज्यांना गाणी फास्ट वाटतात. त्यांचा कान बरोबर आहे आणि एम्युलेटरही बरोबर आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे ‘व्हिडिओ गेम’ मिळायचे, ‘९९९९९९९ इन १’ छापाच्या पिवळ्या कॅसेटींसकट, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होते. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्‌झचा. जपान-अमेरिकेचा एनटीएससी, ६० चा. या खेळांत गाण्याची लय चित्रांच्या मोजणीवर चाले, त्यामुळे साठासाठी बांधलेलं गाणं पन्नासावर सुमारे १७ टक्के संथ होई. एका मिनिटाचा तुकडा ७२ सेकंद चालायचा. गंमत म्हणजे पालसाठी बनवलेल्या अशा कितीतरी नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग मूळच्या अगदी जवळ, १७.७३ लाख ठोक्यांवर ठेवलेला असे, मूळचा १७.९ लाख. सूर त्या वेगावर ठरतो. म्हणून लय मंदावली, सूर जवळजवळ जागेवरच राहिला, आणि कुणाला काही खटकलं नाही. आपल्या पिढीनं मारिओ विलंबितात ऐकलाय.

तीच चाल परत हवी असेल तर सोय आहे. रशियात १९९२ पासून विकली गेलेली ‘डेंडी’ ही याच जातीची नक्कल होती, आणि एफसीईयूएमएम, नेस्टोपिया, मेसेन या एम्युलेटरांत प्रदेश निवडताना एनटीएससी आणि पालबरोबर ‘डेंडी’ असाही पर्याय असतो. तो निवडला की गाणं ओळखीचं वाजायला लागेल. मात्र ६० च्या पडद्यावर पन्नास चित्रं बसवताना दर पाचांतलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, आणि मारिओ धावताना मागची जमीन हलके हिसके देते. हे फोनवर सहसा टाळता येत नाही. टीव्हीवर येतं. आपले डीटीएचचे डबे ५० हर्ट्‌झवरच चालत आलेत, त्यामुळे आपल्याकडचे टीव्ही तो सिग्नल मुकाट घेतात. लॅपटॉप एचडीएमआयनं जोडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० निवडा, आणि मग डेंडी चालवा. खेळून झाल्यावर पडदा परत ६० वर न्यायला विसरू नका. नाही तर दुसऱ्या दिवशी सेगाचा खेळ लावाल आणि आवाज फाटतो म्हणून मलाच मेसेज कराल.