विजयाआधी सामने हवेत

भारतीय महिला फुटबॉल संघाने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे यजमान संघाला २-१ असे हरवले आणि २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेतील आपले स्थान निश्चित केले. दोन्ही गोल पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या संगीता बासफोर हिचे होते. जागतिक क्रमवारीत भारत तेव्हा सत्तरावा होता आणि थायलंड शेहेचाळिसावा. त्यातही थायलंड हा दोन विश्वचषक खेळलेला संघ. पात्रता फेरीचा उंबरठा ओलांडून या स्पर्धेत प्रवेश करण्याची भारताची ही पहिलीच वेळ. आता येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात हा संघ उतरेल, तेव्हा या यशाचे कौतुक पुन्हा होईल आणि ते व्हायलाच हवे. मात्र ‘पहिलीच वेळ’ या शब्दांमागे दडलेला इतिहास तितकासा कौतुकास्पद नाही.

कारण आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी भारताने याआधी दोनदा गाठली आहे. १९८० च्या जानेवारीत कोळिकोड येथे ही स्पर्धा झाली, तेव्हा भारताचे दोन संघ मैदानात होते. त्यांतील एक अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चिनी तैपेईकडून हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला आणि १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता ठरला. त्या अंतिम सामन्यातील विजेता संघ थायलंडच होता. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. चिआंग माईतील विजय म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वी जिथे होतो, त्या वाटेवर पुन्हा टाकलेले पाऊल आहे.

मधल्या काळात काय झाले? खेळाडूंचे कौशल्य आटले, असे म्हणता येणार नाही. सत्तरच्या दशकात महिला फुटबॉलचा कारभार स्वतंत्र संघटनेकडे होता. १९७५ पासून ती राष्ट्रीय स्पर्धा भरवत असे. आशियाई पातळीवरही महिलांची संघटना वेगळी होती. ती १९८६ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघात विलीन झाली. पुढे भारतातही नव्वदच्या दशकात हा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या हाती आला. अधिकृत छत्र मिळाले, पण त्या छत्राखाली महिलांच्या वाट्याला सावलीच आली. जपान, चीन, कोरिया यांनी याच वर्षांत महिला फुटबॉलमध्ये पैसा आणि परिश्रम ओतले. भारताचा संघ मात्र २००३ नंतर या स्पर्धेत दिसेनासा झाला आणि २००९ मध्ये तर पुरेसे आंतरराष्ट्रीय सामनेच न खेळल्यामुळे जागतिक क्रमवारीतून त्याचे नाव वगळले गेले.

हरल्यामुळे संघ क्रमवारीत घसरतो; नाहीसा होतो तो न खेळल्यामुळे. सामने नसले की क्रमवारी ढासळते, त्यामुळे सोडतीत बलाढ्य प्रतिस्पर्धी वाट्याला येतात, मोठे पराभव होतात आणि मग ‘यांच्यावर खर्च कशाला’ असा प्रश्न विचारायला संघटक मोकळे होतात. या दुष्टचक्रातून खेळाडू स्वतःच्या बळावर बाहेर पडू शकत नाहीत.

तरीही खेळ जिवंत राहिला तो काही राज्यांमुळे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, जी आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणून ओळखली जाते, मणिपूरने वीसहून अधिक वेळा जिंकली. ओईनम बेमबेम देवी यांच्यासारख्या खेळाडू त्याच मातीतून आल्या. मणिपूर पोलिसांत नोकरी करणारी बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबपर्यंत पोहोचली. चिआंग माईच्या विजयाची शिल्पकार संगीता हीदेखील सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. फुटबॉलने या मुलींना उपजीविका दिली, असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या उपजीविकेने भारतीय फुटबॉलला आधार दिला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

२०२२ हे वर्ष तर धडा म्हणून लक्षात ठेवावे असे. त्या वर्षी आशियाई चषकाचे यजमानपद भारताकडे होते. नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी गाठ होती. पण करोनाने संघाला असे घेरले की किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि नियमानुसार संघ स्पर्धेतून बाद ठरला. साथ कोणाच्या हातची नव्हती. पण ऑगस्टमध्ये जे घडले, ते निव्वळ मानवनिर्मित होते. महासंघाच्या कारभारातील गोंधळामुळे ‘फिफा’ने भारतावर बंदी घातली. गोकुलम केरळच्या खेळाडू आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या; त्या एकही सामना न खेळता परतल्या. बंदी दहा-बारा दिवसांत उठली, मात्र हुकलेली स्पर्धा पुन्हा मिळाली नाही.

शेजारच्या देशांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. दक्षिण आशियाई स्पर्धेची पहिली पाच विजेतेपदे भारताची होती. २०२२ आणि २०२४ ची बांगलादेशची. तोच बांगलादेश आता आशियाई चषकासाठीही प्रथमच पात्र ठरला आहे.

अशा स्थितीत २०२५ ने दिलेले यश विलक्षण आहे. वरिष्ठ संघापाठोपाठ २० आणि १७ वर्षांखालील मुलींचे संघही आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्र ठरले. दुसरीकडे पुरुष संघाला २०२७ च्या आशियाई चषकाचा दरवाजा बंद झाला. तरी २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाला साखळीत २४ सामने मिळाले, तर महिलांच्या इंडियन विमेन्स लीगमध्ये १४. क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असे महासंघाने २०२३ मध्ये ठरवले. सुरुवात म्हणून हे ठीक. पण वर्षातील बहुतांश महिने मैदान रिकामे राहणार असेल, तर वेतनाची हमीही अपुरी पडते.

मार्चमधील स्पर्धेत बारा संघ आहेत. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरील दोन सर्वोत्तम संघ पुढे जातील. २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाची सहा थेट तिकिटे याच स्पर्धेतून मिळणार आहेत. म्हणजे एखादा विजयही भारताला उपउपांत्य फेरीपर्यंत नेऊ शकतो. गटात २०११ चा विश्वविजेता जपान आहे, गेल्या विश्वचषकात खेळलेला व्हिएतनाम आहे. आणि १० मार्चला सिडनीत भारतापुढे असेल तो चिनी तैपेईचा संघ. ज्याच्याशी १९८० मध्ये अंतिम सामना झाला होता आणि ज्याच्याविरुद्धचा २०२२ चा सामना होऊच शकला नाही.

त्या दिवशीचा निकाल काहीही लागो. त्यानंतरच्या बारा महिन्यांत या संघाला किती सामने मिळतात, हे मोजले पाहिजे. १९८३ च्या उपविजेत्या संघाच्या बाबतीत तो हिशेब कोणी ठेवला नव्हता.