शस्त्रक्रियेला नकार आणि तडजोडीचा कागद

भाताच्या खाचरांवर घर भागेना, की रिह्याचा माणूस पिरंगुटच्या कारखान्याची वाट धरतो. तेथे यंत्रात हात सापडला, शस्त्रक्रिया होऊनही बोटे मिटेनात आणि डॉक्टरांनी दुसरी सुचविली, तर ती नाकारल्यास भरपाई बुडेल काय? या धाकापोटीच पुष्कळदा अंगठा उठतो.

वस्तुतः 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने नकाराला शिक्षा ठेवली नव्हती. मालकाने देऊ केलेले मोफत उपचार अवाजवीपणे नाकारले, दुसऱ्या पात्र डॉक्टरचेही नियमित घेतले नाहीत आणि त्यामुळे इजा बळावली, हे सारे शाबीत झाले तरच ती वाढ हिशेबातून वगळली जाई. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व आहे. (राज्य कामगार विमा लागू असेल, तेथील वाट अर्थात निराळी.)

मग रक्कम कशावर ठरावी? ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. उरलेल्या हाताने तो अन्य काम करील, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मानला नाही. सुतारकाम संपले, म्हणजे अक्षमता पूर्ण!

आपसात रक्कम ठरली, तरी कराराचे टिपण सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठविणे मालकाचे कर्तव्य आहे. रक्कम अपुरी वा दडपणाने ठरलेली दिसल्यास सक्षम प्राधिकारी नोंद नाकारू शकतो. टिपण पाठविलेच नाही, तर पूर्ण भरपाईचे दायित्व मालकावर राहते, आणि दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाविना मिळत नाही.