पीएनआर आला म्हणजे तिकीट झाले असे नाही

आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी काही मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपवर बाहेर शिकायला जातात. अर्ज, जातीचा दाखला, व्हिसा यात आम्ही सोबत असतो. तिकीट मात्र घरचे ओळखीतून काढतात. गेल्या वर्षी एका मुलीची फसवणूक नेमकी तिथेच झाली.

तिकीट पंधरा हजारांनी स्वस्त मिळते म्हणून आईने बचत गटातून कर्ज काढले आणि एजंटच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पैसे पाठवले. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आला. कंपनीच्या वेबसाइटवर सहा अक्षरांचा पीएनआर टाकला, तर मुलीचे नावही दिसले. आम्हीही निर्धास्त झालो, ही आमची चूक. निघायला चार दिवस असताना पुन्हा पाहिले, तर बुकिंगच नव्हते.

असे होते कसे? एजंट पैसे न भरता काही काळ जागा राखून ठेवू शकतो. याला 'होल्ड' म्हणतात. तेव्हाही पीएनआर तयार होतो, नावही दिसते. मुदतीत पैसे भरले नाहीत की कंपनी जागा मोकळी करते. खरे तिकीट निघाले असेल तर बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचा तेरा अंकी ई-तिकीट नंबर मिळतो. त्याचे पहिले तीन अंक कंपनीचा कोड असतो. एअर इंडियाचा 098. हा नंबर मागा आणि थेट कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर खरे तिकीट काढून ते स्वस्तात विकले जाते. कार्डाचा मालक तक्रार करतो आणि तिकीट रद्द होते. कधी प्रवाशाचीच विमानतळावर चौकशी होते. अशा तिकिटांविरुद्ध युरोपोलने विमानतळांवर अनेकदा मोहिमा राबवल्या आहेत. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आपल्या पोरांनी तिथे काय उत्तर द्यायचे?

एजंटकडून तिकीट घेतले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते, असा डीजीसीएचा नियम आहे, कारण एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी धरला जातो. होल्डवरच्या बुकिंगमध्ये कंपनीकडे पैसेच पोहोचलेले नसतात, मग ती परत काय करणार? शिष्यवृत्तीतून विमानभाडे मागायचे तर तिकीट आणि बोर्डिंग पास जोडावे लागतात. न झालेल्या प्रवासाचा बोर्डिंग पास कुठून आणणार?

कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. यूपीआयने वैयक्तिक खात्यात गेलेले पैसे परत मिळवणे फार कठीण. फसवणूक लक्षात येताच, शक्यतो त्याच तासात, 1930 वर फोन करा. पैसे पुढे काढले गेले नसतील तर खात्यात गोठवता येतात. आम्ही तो फोन तिसऱ्या दिवशी केला. मुलगी वर्गणीच्या तिकिटावर गेली, आईचे हप्ते अजून चालू आहेत.