पुंगळी पुन्हा भरावी का?

पिस्तुलाच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी आवळलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी दारूपर्यंत जाते आणि जळणाऱ्या दारूचा वायू गोळीला नळीतून ढकलतो. मागे उरते ती पुंगळी. सुटे भाग विकत घ्यायला गेलं तर बहुधा तीच सगळ्यांत महाग पडते. ती वेचून पुन्हा का भरू नये, या साध्या विचारातून अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरण्याचा छंद रुजला. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. शिवाय आपल्या नेमबाज राही सरनोबतच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात जे पॉइंट बावीसचं काडतूस लागतं, त्याचा स्फोटक लेप पुंगळीच्या काठातच असतो. ते एकदा झाडलं की संपलं. तेव्हा पुढचं बहुतेक अमेरिकेतल्या नऊ मिलिमीटर आणि पॉइंट पंचेचाळीसच्या काडतुसांबद्दल आहे.

घरी भरण्याचं काम प्रेस नावाच्या दाबयंत्रावर होतं. झाडल्यावर पुंगळी फुगलेली असते. डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून ती मापाला आणतात, त्याच वेळी जुना प्रायमर बाहेर पडतो. नवा बसवायचा, तोंड किंचित फाकवायचं, दारू घालायची, गोळी ठरल्या खोलीपर्यंत बसवायची आणि तोंड पुन्हा आवळायचं. यातली दारूची पायरी सगळ्यांत जोखमीची. तिचं माप ग्रेनमध्ये असतं. एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन जेमतेम 65 मिलिग्रॅम. पिस्तुलाची दारू झटकन जळणारी असल्यामुळे ती थोडीच लागते, कित्येकदा पुंगळी निम्मीही भरत नाही. म्हणूनच चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत सामावते, बाहेर सांडून इशारा देत नाही. नऊ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अमेरिकी उत्पादकांच्या संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 35,000 पौंड आहे. दुप्पट दारू ती कुठल्या कुठे ओलांडते. उलट दारू पडलीच नाही, तर नुसता प्रायमर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवतो आणि मागून दुसरी गोळी सुटली की नळी फुगते किंवा फुटते. म्हणून जाणते लोक प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावल्याशिवाय गोळी बसवत नाहीत. ज्याला हे शंभराव्या पुंगळीलाही करायचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊच नये.

मग एवढं करून हाती काय लागतं? अचूकपणा, असं बहुतेक जण सांगतात. रायफलच्या बाबतीत ते खरं आहे. हातात धरलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत मात्र हाताची थरथर काडतुसातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे मला खरा लाभ धक्क्यात दिसतो. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत एका हाताने 50 यार्डांवर नेम धरतात. दहा गुणांचं वर्तुळ अवघं 3.36 इंचांचं. पॉइंट पंचेचाळीसची मूळची सैनिकी गोळी 230 ग्रेनची आणि तिचा धक्का चांगलाच जाणवतो. त्याऐवजी 185 किंवा 200 ग्रेनची गोळी, थोडी कमी दारू आणि पिस्तुलाला हलकी स्प्रिंग असा मेळ बसवला की जलद फैरींत हात लवकर जागेवर येतो. धावत नेम साधायच्या स्पर्धांतही हाच हिशेब. गोळीचं वजन गुणिले वेग भागिले हजार, हा आकडा किमान 125 हवा. 147 ग्रेनची गोळी सेकंदाला 900 फुटांनी गेली तर 132 येतात: नियमात बसतं, हातही फार उसळत नाही. नेमका असा मऊ भार, म्हणजे गोळी-दारूचा मेळ, दुकानात मिळतोच असं नाही.

घरच्या भरणीने कारखान्यालाही वाट दाखवली आहे. आयडाहोचा एल्मर कीथ वर्षानुवर्षं पॉइंट चव्वेचाळीस स्पेशलच्या पुंगळ्यांत जास्त जोरकस भार भरून पाहत होता. त्याच्याच आग्रहातून 1955 च्या सुमारास पॉइंट चव्वेचाळीस मॅग्नम बाजारात आलं.

आता महागड्या कारखानी काडतुसाकडे वळू. स्वसंरक्षणासाठीच्या अशा काडतुसाच्या पुंगळीला बहुधा निकेलचा मुलामा असतो, प्रायमर ओलाव्यापासून लाखेसारख्या थराने बंद केलेला असतो. पण पैसे खरे मोजले जातात ते गोळीसाठी. 1986 साली मायामीत एफबीआयच्या दोन अधिकाऱ्यांचा चकमकीत मृत्यू झाला. त्यानंतर त्या संस्थेने चाचणीच ठरवून दिली: दहा टक्क्यांच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरली पाहिजे, आणि तीही जाड कपडे, प्लायवूड, पत्रा, मोटारीची काच असे अडथळे पार करून. पोकळ टोकाची गोळी ठरावीक वेगातच नीट उमलते. तीच गोळी सुटी विकत घेऊन घरी भरता येते, पण ती आपल्या वेगाला उमलेल की नाही हे पाहायला गॅरेजमध्ये ना जिलेटिन असतं, ना दाब मोजायची नळी. कारखाना प्रत्येक लॉटमधून नमुने घेऊन हे तपासतो.

कोर्टाचाही प्रश्न आहे. 1989 मध्ये न्यू जर्सीत एका घरी रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून बाई गेली. तिनेच ती झाडली, असं नवऱ्याचं म्हणणं. काडतुसं त्याने घरी, हलकी भरलेली होती; तपासणी मात्र कारखानी काडतुसांवर झाली, आणि अंतरानुसार पडणारी दारूची काजळी दोन्हींची सारखी नसते. खटला वर्षानुवर्षं चालला. अशी प्रकरणं विरळा, हे खरं. तरी कारखान्याच्या लॉटचं खोकं बाजारातून आणून तपासता येतं, घरच्या भरणीला साक्षीदार फक्त भरणारा.

म्हणून जवळ बाळगायचं काडतूस मी कारखान्याचंच म्हणेन, आणि तेही निदान शंभर-दोनशे त्याच पिस्तुलातून न अडता गेल्यावर. सरावाला मात्र घरचंच भरावं, आणि इथे बरेच जण चुकतात: सरावाचा भार फार मऊ ठेवतात. रोज हलका धक्का खाल्लेला हात प्रसंगी भलत्याच उसळीला सामोरा जातो. बाळगायच्या काडतुसात 124 ग्रेनची गोळी असेल तर सरावातही 124 ची भरावी, वेग यंत्राने मोजून त्याच्या जवळ आणावा, आणि खोक्यावर तारीख, दारूचं नाव, वजन, काडतुसाची लांबी लिहून ठेवावी. दोन्ही खोकी एका कपाटात ठेवू नयेत.